धरणावर नेलेलं पाणी

प्लास्टिकच्या कॅनला गोडेतेलाचा वास आला, की लेकीचं उन्हाळी शिबिर आठवतं. दुष्काळात आमच्या आष्टीकडं पाहुण्यांकडं जातानाही लोक पाणी घरूनच न्यायचे. सहकारी कारखान्यानं सभासदांच्या मुलांचं शिबिर ठेवलं, तेव्हा जागा न विचारताच मी शहाण्यानं तेलाचा कॅन धुऊन काठोकाठ भरला. "पप्पा, पोरी हसतील," लेक म्हणाली. "तहान लागली की तुझ्याच मागं येतील," मी म्हणालो. आम्हाला नेणारी कारखान्याची जीप थांबली ती माजलगावच्या धरणाकाठी. पोरी हसल्या. "हे आधी घरी न्या," एवढंच बोलून लेक मान खाली घालून तंबूत गेली. पाणी ओतून द्यायचा धीर होईना, म्हणून भरला कॅन घेऊन घरी आलो. बायकोनं आधी तो उचलून पाहिला. "सांडलं न्हाई," मी म्हणालो. पोरीचा विषय दोघांनीही काढला नाही. हा किस्सा आजही मी लेकीची खाली गेलेली मान गाळून कॅनपाशीच संपवतो, लोक हसतात.