व इतर सहा

नागनाथ खंदारे यांची रेकॉर्ड रूमला बदली झाली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी त्यांची समजूत घातली होती. ती जागा शिक्षा म्हणूनच देत. वर पत्रे, खाली फुटकी फरशी, आणि भिंतभर रुमालात बांधलेले कागदांचे बस्ते. पण नागनाथराव तिथंच चौदा वर्षं राहिले, कारण उर्दू वाचणारं कचेरीत दुसरं कुणी उरलं नाही. त्यांची शाळा निजामाच्या अमलातली. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. एखादा जुना खासरा, म्हणजे जमिनीचा उर्दू कागद, निघाला की साहेबापासून वकिलापर्यंत सगळे त्यांच्याकडं येत. ते वाचून अर्थ सांगत, कागद परत बांधत आणि जागेवर ठेवून देत.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर परभणीतल्या त्या महसूल कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खोलीला रंग दिला, खिडक्यांना पडदे लावले, गार हवेचं यंत्र बसवलं. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्याच्यावर नेमलेला बन्सीधर कदम हा येलदरीकडच्या शेतकऱ्याचा, औरंगाबादला शिकलेला. पहिल्याच आठवड्यात तो रेकॉर्ड रूममध्ये आला आणि धुळीनं शिंकत म्हणाला, "काका, तुमच्या सगळ्या फायलींची यादी आता मशीनमधे घालायची. गावाचं नाव टाकलं की फाईल कुठल्या मांडणीवर हाय ते पडद्यावर दिसंल."

"फाईल दिसंल?"

"फाईल न्हाई. यादी."

"मंग फाईल काढायला कोण जाईल?"

"तुमीच," बन्सीधर म्हणाला, आणि दोघंही हसले.

फायली बेचाळीस हजारांच्या वर होत्या. यादी करण्याचा जो आदेश वरून आला होता त्यात आणखी एक कलम होतं. ज्या कागदांची ठेवण्याची मुदत संपली ते आधी निवडून नष्ट करायचे, म्हणजे यादी लहान होईल. कायमचे कागद एकीकडं, तीस वर्षांचे दुसरीकडं, दहा वर्षांचे तिसरीकडं. नागनाथराव रोज सकाळी दहाला बस्ते सोडायला बसत आणि संध्याकाळी सहाला उठत. खोकला सुरू झाला तो गेलाच नाही. घरी त्यांची बायको सरजाबाई आंघोळीचं पाणी काढून ठेवी आणि म्हणे, "कचेरीत जाता का खाणीत?" ते आंघोळ करून तसेच आडवे होत.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. नष्ट होणाऱ्या फायलीसुद्धा यादीत चढवायच्या.

"जे न्हाई ते कशाला लिहायचं, काका?"

"न्हाई म्हणून लिहायचं. उद्या माणूस आला तर व्हती का नव्हतीच, हे तरी त्याला सांगता आलं पायजे."

बन्सीधरनं ऐकलं. पण नावाच्या रकान्यात चाळीसच अक्षरं मावत, आणि मशीन काना-वेलांटीसुद्धा अक्षर म्हणून मोजी. एका प्रकरणात सातआठ माणसं असली तर करायचं काय? दोघांनी मिळून ठरवलं की पहिलं नाव लिहायचं आणि पुढं 'व इतर' म्हणून आकडा टाकायचा. नागनाथराव कागदावर लिहून देत, बन्सीधर टाईप करी. अधूनमधून लाईट जाई आणि सकाळपासूनचं काम पुसलं जाई. मग दोघं मुकाट्यानं पहिल्यापासून सुरू करत.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये कागद नेणारा ट्रक आला. नष्ट करायच्या यादीच्या प्रत्येक पानाखाली 'खात्री केली' असं लिहून नागनाथरावांनी सही केली. त्रेसष्ट पानं, त्रेसष्ट सह्या. काम नियमानं झालं होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारचा नवा निर्णय आला. चौदा एप्रिल नव्वदच्या आधीपासून जे मागासवर्गीय गायरान कसतात, त्यांच्या नावावर ती जमीन करायची. मात्र कसत असल्याचा पुरावा पाहिजे. नव्या वर्षात कचेरीच्या आवारात माणसं दिसायला लागली. म्हातारे, बाया, कडेवर लेकरं. सगळ्यांचं मागणं एकच, जुना कागद.

मे महिन्यात, नागनाथरावांच्या रिटायरमेंटला पंधरा दिवस उरले असताना, चांगुणाबाई आली. ताडकळसच्या अलीकडं खडकमाळ नावाचं खेडं आहे, तिथली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. दारातच बसली आणि म्हणाली, "जय भीम, भाऊ. आमचा कागद काढून द्या."

"कसला कागद, बाई?"

"अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या वक्ताला आमची घरं जाळली. मंग आमी सात घरं गायरानात जाऊन राहिलो. धोंडे येचले, तूर पेरली. ऐंशी साली तलाठी आला, सगळ्यायची नावं लिहून नेली. नोटिसा आल्या, गायरान सोडा म्हणून. आमी न्हाई सोडलं. ती फाईल तुमच्याकडं हाय म्हणले."

"नोटीस हाय का जवळ?"

"छपराच्या वाशात खोसली व्हती. वाळवीनं खाल्ली."

नागनाथराव तिला घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. बन्सीधरनं गाव टाकलं, साल टाकलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक ओळ आली. तात्याराव लिंबाजी व इतर ६. गायरान अतिक्रमण. नष्ट, १२ मार्च १९९१.

तिला वाचता येत नव्हतं. नागनाथरावांनी वाचून दाखवलं.

"तात्याराव माझा दीर. इतर म्हंजे कोण?"

"इतर म्हंजे तुमी, बाई. तुमी आन् बाकीचे."

"मंग माझं नाव का न्हाई लिवलं?"

नागनाथराव म्हणाले, "जागा पुरली न्हाई."

ती रागावली नाही. मग म्हणाली, "आमालाच कशी कुठं जागा पुरत न्हाई, भाऊ?"

नागनाथराव तिच्याच समाजाचे. अठ्ठ्याहत्तरला त्यांची बहीणही चार महिने त्यांच्या दोन खोल्यांत मुलाबाळांसह राहिली होती. ती फाईल त्यांनी स्वतः उघडली असणार, सात नावं वाचली असणार, आणि त्यातलं एक ठेवून सहा सोडली असणार. त्यांना काही म्हणता काही आठवेना. हजारो फायलींतली ती एक होती. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

पडद्यावरची ओळ त्यांनी छापून घेतली, नष्ट यादीतल्या त्या पानाची नक्कल जोडली आणि वरच्या साहेबांपुढं ठेवली. साहेब म्हणाले, "प्रकरण होतं हे मान्य. सात घरं होती हेही मान्य. पण कोणती सात? पंचनामा करणारा तलाठी हयात आहे का?"

तलाठी हयात होता. दत्तराव नाव, रिटायर होऊन पाथरीला राहत होता. रविवारी नागनाथराव एसटीनं पाथरीला गेले. दत्तरावांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पण गायरानाचं नाव निघताच चेहरा आक्रसला.

"खंदारे, त्या दिवसांत मी कुणाच्या बाजूनं नव्हतो. मी आपली नोकरी केली."

"मी बाजू विचारायला आलो न्हाई, दत्तराव. नावं विचारायला आलो. म्या बी नोकरीच केली, म्हणून तर ती नावं गेली."

दत्तराव ओट्यावरून उठले. मग आत जाऊन पत्र्याची पेटी उघडून त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या. ऐंशी सालची सापडली. पावसाचं पाणी लागून निम्मी शाई पसरली होती. दोघांनी ते पान उन्हात धरून वाचलं. तात्याराव लिंबाजी. चांगुणाबाई भ्र. किसन, म्हणजे किसनची बायको. आणखी तीन नावं लागली. शेवटच्या दोन ओळींचा निळा डाग झाला होता.

"जबाब द्यायला येतो मी," दत्तराव म्हणाले. "पण जे वाचता येत न्हाई ते माझ्या तोंडून वदवू नका."

नागनाथरावांनी आग्रह केला नाही. दत्तरावांच्या जागी तेही हेच म्हणाले असते.

मेअखेर ते रिटायर झाले. हार, शाल, दोन भाषणं. त्यानंतर प्रकरणाच्या पाच तारखा पडल्या आणि प्रत्येक तारखेला ते स्वतःच्या खर्चानं हजर राहिले. दत्तराव दोनदा आले नाहीत, तिसऱ्यांदा आले आणि कबूल केलं होतं तेवढंच बोलले. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पाच घरांच्या नावे सातबारा झाला. उरलेल्या दोन घरांना पुरावा अपुरा म्हणून साहेब नाही म्हणाले. चांगुणाबाईनं सातबारा नागनाथरावांपुढं धरला आणि आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "त्या दोघायला मी काय सांगू?" अपिलाचा अर्ज त्यांनीच लिहून दिला.

पावसाळा संपता संपता बन्सीधर त्यांच्या घरी आला. नावाचा रकाना त्यानं वाढवून घेतला होता. "काका, 'व इतर' लिहिलेल्या साडेतीन हजार नोंदी निघाल्या. चारशेचे कागद गेले. त्यांचं काही करता येत न्हाई. बाकीच्यांचे बस्ते जागेवर हायेत. पण माझ्याकडं माणूस न्हाई."

सरजाबाई मधेच म्हणाली, "यांचा खोकला ऐका आधी."

नागनाथराव तरीही गेले. आठवड्यातून तीन दिवस, बिनपगारी. बस्ता सोडायचा, नावं वाचायची, बन्सीधर टाईप करायचा. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सोळा वर्षांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्या दिवशी वस्तीत गर्दी होती, ढोल वाजत होता. त्यांनी पेढा घेतला, हात जोडले आणि थोड्या वेळानं घरी जाऊन पडून राहिले. आनंद झाला नव्हता असं नाही. थकवा त्याच्यापेक्षा जास्त होता.

त्या साली दिवाळीच्या आधी शेवटची नोंद पुरी झाली. खडकमाळच्या दोन घरांच्या अपिलाला तेव्हा पुन्हा पुढची तारीख मिळाली होती.