गान तुओचे फेंगडे पाय

गान तुओ, म्हणजे माझा नवरा, विहिरीकडे निघाला की आमच्या खोऱ्यातल्या बायका तोंडावर बाही धरून हसायच्या. गुडघ्यांमधून कोंबडी पळून जाईल असे फेंगडे पाय, आणि चाल बदकाची. एकदा मी भरलेला घडा एकीच्या डोक्यावर रिकामा केला. मग माझ्यासमोर तरी हसणं थांबलं.

लग्नात हाच माणूस बाणासारखा सरळ होता. उंची साडेसात विती, खांदे रुंद, कंबर बारीक. त्या अंगावर भाळूनच सरकारने त्याला घोडदळात नेलं. उत्तरेकडच्या शिओंग्नू टोळ्यांच्या सीमेवर त्याची सारी उमेदीची वर्षं गेली. घोड्याच्या पाठीवर नुसती गादी, पाय लोंबते. मांड्यांनी जनावर आवळून धरायचं आणि दोन्ही हातांनी धनुष्य ताणायचं. परत आला तेव्हा खांदे तेवढे शाबूत होते. उकिडवं बसता येईना, नांगरामागे चालता येईना. राळ्याची कापणी मी आणि मुलगा यान्न्येन करायचो. हा भिंतीला टेकून दोर वळायचा आणि लढायांच्या गोष्टी सांगायचा. त्या गोष्टींचा मला वीट आला होता.

यान्न्येन भरतीच्या वयाचा झाला त्या वसंतात भरतीचा अंमलदार उंची मोजायची काठी घेऊन गावात आला. मी यान्न्येनच्या कानात म्हटलं, "गुडघे जरा वाकव. पोक काढून उभा राहा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरळ उभा राहा रे! छाती काढ!"

स्वतःचा बाप! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरगा बिचारा सरळ झाला. अंमलदाराने खेचर विकत घेतल्यासारखी त्याची मांडी दाबून पाहिली. "झकास. लांब मांड्या, हलकं बूड. हा घेतला."

"माझाच मुलगा, सरकार!" म्हणत गान तुओ डुलत पुढे झाला.

अंमलदाराने त्याचे पाय बघितले. "आणि हे बदक कुणाचं?"

सगळा गाव हसला. नवऱ्याचा चेहरा पडला, पण माझं तोंड सुटलं. "तुमचंच की! धडधाकट माणूस नेलात आणि हे परत दिलंत. आता पोराचंही बदक करा!"

"अगं, गप," तो म्हणाला. मग त्याने भर चौकात अंगरखा वर केला आणि विजार खाली ओढली. मांड्यांच्या आतल्या बाजूला केस नव्हते. जुन्या जखमांनी कातडं चामड्यासारखं झालं होतं.

"बघा! नीट बघा!" तो ओरडला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "एका घरातून किती मांड्या नेणार? पोराला हात लावू नका. मला न्या!"

"तुला?" अंमलदाराने एका बुजऱ्या घोडीकडे बोट केलं. "बस बरं तिच्यावर."

यान्न्येनने हातांची ओंजळ करून बापाला वर चढवलं. घोडीने लाथा झाडल्या, ती मागच्या पायांवर उभी राहिली, चौकभर गरगर फिरली. गान तुओ हलला नाही. ते वाकडे पाय तिच्या पोटाला असे चिकटले, जणू तिच्याच मापाने बेतले होते. थोड्या वेळाने ती फुरफुरत उभी राहिली.

आता कुणी हसत नव्हतं. "छावणीत नवे घोडे शिकवायला माणूस लागतो," अंमलदार म्हणाला. "पोराला ठेवा. हा चालेल."

पोरगा वाचला, मी आनंदाने रडायला हवं होतं. पण माझं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं. तो हसत होता! ज्यांनी त्याला मोडलं त्यांच्याकडेच निघाला होता, आणि नवरदेवासारखा खूश होता.

"उतरा खाली!" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

"अगं, इथून सगळं सरळ दिसतं," तो म्हणाला आणि घोडी वळवली.

पुढच्या हिवाळ्यात छावणीतला एक शिपाई निरोप घेऊन आला. गान तुओ बरा आहे, पण घोड्यावरून उतरवायला आता दोन माणसं लागतात.

"मग बसू दे तिथेच!" मी म्हटलं.

शिपायाला पेज वाढली. मग आतल्या बाजूला मेंढीचं कातडं लावून एक जाड विजार शिवली आणि त्याच्याबरोबर पाठवली. शिवताना शिव्या देत होते. राग अजून गेलेला नाही.