भांडुपचा माळी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत मी हात दाखवून अवलक्षण केलं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, इमारत कोरी होती आणि पुढे जेमतेम वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा. तिथे लॉन करायचं ठरलं. 'बागकाम कुणाला येतं?' असं चेअरमननी विचारलं आणि मी म्हणालो, 'मला येतं. गावाला शेती आहे आमची.' त्या शेतात मी मे महिन्यात आंबे खाण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

नर्सरीतून हरळी आणली आणि होती त्या मातीत खुपसली. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी बादलीने पाणी ओतायचो. जरा हिरवं दिसलं की मोठी कात्री घेऊन पार जमिनीलगत भादरायचो. महिन्याभरात सगळं पिवळं पडलं. जिन्यात लोक विचारायला लागले, 'काय शेतकरी, पीक कसंय?' बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे घरातही कुणाशी बोलायची सोय नव्हती.

शेवटी वडिलांना आणलं. ते भांडुपला खोलीत एकटेच राहायचे. आई गेलेली, गिरणी बंद पडलेली. माझं नवं घर त्यांनी एकदाच पाहिलं होतं, त्यामुळे सोसायटीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लॉन पाहून ते उकिडवे बसले आणि पोट धरून हसले.

'गावाक मिरचीच्या वाफ्यातली हरळी उपटून तुझ्या आवशीचे हात झिजले,' ते म्हणाले, 'आणि तू ती पाणी घालून जगवतंस? ता पण तुका जमणा नाय?'

दुसऱ्या दिवसापासून ते रोज भांडुपहून नाहूरमार्गे चालत यायचे. वीतभर खणून त्यांनी विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं काढली, शेणखत मिसळलं, आणि वाकून, मागे मागे सरकत, भाताची लावणी करतात तशी हरळीची एकेक जुडी चार चार बोटांवर लावली. वरून हाताने थोपटली. पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. महिनाभर पाय ठेवायचा नाही. चार बोटं वाढल्याशिवाय कापायचं नाही, आणि तेही वरवरचं. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, हुशार विद्यार्थ्यासारखं.

एका रविवारी सकाळी ते नळीने पाणी सोडून, विळा घेऊन कडा साफ करत बसले होते. अंगात भोकं पडलेलं बनियन, लुंगी गुडघ्यांवर खोचलेली. चेअरमन खाली आले, लॉनवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, 'अहो, झकास काम करतो हा. माळी कुठून मिळवलात?'

वडील तीन हातांवर होते. मी म्हणालो, 'भांडुपचा आहे.'

खोटं असं काही बोललो नव्हतो, अशी मी पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घातली. पण 'आहेत'च्या जागी 'आहे' माझ्याच तोंडून आलं होतं, आणि ते मला कुणी शिकवलं नव्हतं. विळा क्षणभर थांबला. मग वडील उठले, लुंगी खाली सोडली आणि मला म्हणाले, 'साहेब, पाणी आता बंद करू?'

मी मान हलवली. वरून, चेअरमनच्या घरून, चहा आला. आम्हा दोघांना कपबशीत, त्यांना कान तुटलेल्या कपात. त्यांनी तो पायरीवर बसून प्यायला, कप नळाखाली विसळला आणि कठड्यावर पालथा ठेवला. मी चेअरमनशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होतो.

गवताने जीव धरला तसं त्यांनी येणं थांबवलं. दोन महिन्यांनी बायको बाळाला घेऊन आली. बारसं सोसायटीतच ठेवलं होतं, लॉनवर सतरंज्या घालून. आमंत्रण द्यायला भांडुपला गेलो. वडील खूश झाले, बाळ कुणासारखं दिसतं ते विचारलं. मग म्हणाले, 'तुझो चेअरमन येतलो मा?'

'हो.'

'मग मी येणंय नाय. माका बघून तुझा तोंड उतरतला. मागसून येयन कधीतरी.'

'असं काय बाबा, तुम्ही आलंच पाहिजे,' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोललो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्यांनी पाहिलं. या सगळ्यात मला त्या सुटकेचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

बारसं थाटात झालं. लॉनचं कौतुक झालं, माझंही झालं. चेअरमननी विचारलं, 'बाळाचे आजोबा दिसत नाहीत?' मी म्हणालो, 'गावी असतात.' पाळण्याशी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारावर टकटक झाली. वडील होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याची मूठ उघडून पाहिली, पुन्हा मिटली. बायको चहा ठेवते म्हणाली, पण ते थांबले नाहीत. 'लोका उठतली आता,' म्हणाले. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. जिना उतरून फाटकापर्यंत गेलो नाही, कारण खालच्या मजल्यावर दिवा लागला होता.