पाव्हण्याच्या हातची गव्हाण

जावयाला नावं ठेवायची नाहीत असं माझ्या सासऱ्यांनी ठरवलं होतं, आणि त्यातच त्यांचं घर गेलं. इतरांची ते सालटी काढत. सरपंच असो, एसटीचा ड्रायव्हर असो नाहीतर स्वतःची शेळी, चुकलं की मामांच्या तोंडातून सुटका नसे. पण जावई म्हणजे पाव्हणा, आणि पाव्हण्याचं काही चुकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात टेम्पो मागे घेताना मी तो त्यांच्या भाताच्या रोपात घातला. अख्खा वाफा चिखलात गेला. मामा छत्री धरून उभे होते. म्हणाले, "बरं झालं, पाव्हणं. तितं तण लय माजलं व्हतं."

तेव्हा मला हसू आलं होतं. मामा या थंडीत आमच्या फ्लॅटमध्ये वारले. आता त्या वाक्याचं हसू येत नाही.

नाणे मावळात डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर. सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहिले, शेळ्यांच्या सोबतीने. "बाबा, सोमाटण्याला चला," असं सुमनने, माझ्या बायकोने, म्हटलं की ते गोठ्याकडे बोट दाखवत. "त्या हायेत तवर मी हितं. त्या गेल्या, की न्याल तितं येतो. मागं राहतंय काय?" हे ते भांडणाच्या सुरात म्हणत नसत. सरळ सांगत.

डोंगराचा उतार हळूहळू बंगल्यांच्या प्लॉटांसाठी तारेच्या कुंपणात गेला. माझं सोमाटण्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्या कुंपणांची बरीचशी फाटकं मीच बनवली. चालून आलेलं काम सोडवत नव्हतं. एकदा अशाच एका फाटकापाशी मामा शेळ्या घेऊन उभे असलेले दिसले. आतल्या गवताकडे बघत म्हणाले, "दार मजबूत झालंय, पाव्हणं. वेल्डिंग लय सफाईचं हाय." आणि शेळ्या वळवून माघारी गेले. मी त्यांना हाक मारली नाही.

तेव्हापासून शेळ्या गोठ्यातच. माळ्यावर साठवलेल्या वाळल्या गवतावर पावसाळा काढायचा होता. पण शेळी मोठी मानी. जमिनीवर टाकलेलं गवत पायाखाली आलं, त्यावर लेंडी पडली, की ती उपाशी राहील पण त्याला तोंड लावणार नाही. मामा ते झाडून काढत आणि शेळीला ऐकवत, "नटवे, तुझ्या बापानं कापून ठिवलंय का?" मला फोनवर एवढंच सांगत, "गवत जरा उडतंय." असंच उडत राहिलं तर ते श्रावणापर्यंतही पुरणार नव्हतं. मग शेळ्या विकायच्या, आणि शेळ्यांमागून घर.

म्हणून मी गव्हाण करायचं ठरवलं. पाऊस लागायच्या आधीच्या एका रविवारी गेलो. घरामागच्या बेटातले बांबू तोडले. दोन बांबू आडवे, त्यांत उभ्या कामट्या ठोकल्या. फट केवढी ठेवायची ते मामांनी मूठ घालून दाखवलं, म्हणजे शेळीचं तोंड जाईल पण शिंगं अडकणार नाहीत. ही चौकट शेळीच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीला बसवायची, खालची बाजू भिंतीला टेकलेली, वरची हातभर पुढे झुकलेली. मागच्या पोकळीत गवत भरायचं. खाली सांडेल ते झेलायला दुकानातला निळा ड्रम उभा चिरून आणला होता.

भिंत कुठली घ्यायची? दाराजवळची मला सोयीची होती, तिथे उजेडही होता. ती घाटाकडची भिंत. कुडाची, बाहेरून प्लास्टिकचा कागद मारलेली. खांबांना बोल्ट मारायला मी तो कागद कापला. मामा शेजारीच उभे होते, हातात पाना घेऊन. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हितंच का, पाव्हणं?"

"हितंच. का हो?"

"न्हाई, न्हाई. उजेड बरा हाय हितं."

शेळ्या पुढे आल्या आणि माना वर करून घासघास गवत ओढू लागल्या. खाली काडीही पडेना. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

पाऊस लागला, आणि घाटाकडून येणारी झड फाटक्या कागदातून थेट गव्हाणीत येऊ लागली. मी फोन करत होतो. मामा म्हणत, "सगळं झाक." दुकानात काम होतं, मी गेलो नाही. श्रावणात शेजारच्या बबनचा फोन आला. पोचलो तेव्हा गाभण शेळी पोट फुगून आडवी पडली होती. चुलीभोवती ओलं गवत वाळत पसरलं होतं आणि घरभर बुरशीचा वास होता. वडगावहून जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, म्हणाले, बुरशीचं गवत पोटात गेलंय, आता जगेल ती तुमची. बहुतेक शेळ्या जगल्या नाहीत. ज्या जगल्या त्यांना घालायला कोरडं गवत उरलं नव्हतं. त्या व्यापारी घेऊन गेला.

बबन मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, मी म्हनलं व्हतं, काढू ही गव्हाण, पलीकडं बांधू. म्हातारा अंगावर आला माझ्या. म्हनला, पाव्हण्याच्या कामाला हात लावशील तर बघ. पाव्हणं आल्यावर त्यास्नी काय वाटंल?"

घरी येऊन हे सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मला तरी विचारायचंत. ते तुम्हाला कधीतरी नाही म्हणालेत का?"

मामा शब्दाला जागून आमच्याकडे आले. पाणी हवं असलं तरी "गावंल का?" असं विचारत. एकदा मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मामा, माझं चुकलं."

"तुमचं कशाला? पाऊसच वायला व्हता औंदा."

मी रडलो. ते अवघडून गॅलरीत गेले. माफी मागायला समोरच्याने आधी दोष तरी द्यावा लागतो.

दसऱ्यानंतर एका सकाळी ते घरात नव्हते. मी सरळ गाव गाठलं. गोठ्यात काढलेले बोल्ट पडले होते आणि मामा ती गव्हाण एकटेच समोरच्या भिंतीकडे ओढत होते. मला बघून चोरी पकडल्यासारखे थबकले. "उगंच... हात रिकामा व्हता," म्हणाले. मी दुसरं टोक उचललं.

"वर घ्या," मामा म्हणाले.

मी वर घेतली.

"अवं, वर म्हनलं ना! तुमच्या बाजूनं. डोळं फुटलं का काय तुमचं? पावसाच्या तोंडाला कोन बांधतं व्हय गव्हाण? जलम मावळात गेला तुमचा, झड कुटनं येती ठावं न्हाई?"

त्यांचा आवाज चढत गेला. त्यांनी एकेक बोल्ट पिळला, गव्हाण हलवून पाहिली, आणि सवयीने गवत काढायला माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला. मग मागे वळून रिकाम्या गोठ्याकडे बघितलं आणि तिथेच खालच्या पायरीवर बसले.

मी गव्हाण धरून उभा राहिलो. सोडा, असं त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.