टेकलं की पळणारा उपग्रह

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही आईला विचारलंत, "तू उपग्रह पकडायला कुणाकडून शिकलीस?" ती नुसती हसली. तिला सांगायला सवड होणार नाही आणि माझी स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून आजच लिहिते.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. आमच्या अहमदपुरात दोनच विषय होते: टँकर कधी येणार आणि नवा जिल्हा कधी होणार. तुमची आई तेव्हा नांदेडच्या कॉलेजात शिकवायची, सुट्टीत घरी आली होती. परदेशातल्या संशोधनाच्या जागेसाठी तिला दुपारी बारापर्यंत एक सिम्युलेशन पाठवायचं होतं. इंधन संपलेल्या उपग्रहाला दुसऱ्या यानाच्या यांत्रिक हाताने धरायचं आणि त्यात इंधन भरायचं. सगळं अर्थात संगणकाच्या पडद्यावर.

अकरा वाजले तरी उपग्रह हाती येईना. यंत्राचं बोट टेकलं की तो गिरक्या घेत लांब जायचा. वीज गेलेली, इन्व्हर्टर किती टिकेल याचा नेम नाही. तिच्या अहवालातलं इंग्रजी मी केव्हाच तपासलं होतं. तरी स्वल्पविराम पाहत बसले, कारण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आईची आजी, विहिरीवरून आल्या. टँकरचं पाणी विहिरीत सोडत, मग झुंबड उडे आणि कुणाची तरी बादली आत पडे. ती काढायचा गळ, म्हणजे दोराला बांधलेले लोखंडी आकडे, त्यांच्या हातातच होता.

"काय करायलीस गं?"

"धरतेय आजी. निसटतंय सारखं."

"धरतीस कुठं? ढकलायलीस की त्याला!"

"आजी, ही बादली नाही."

"पाण्यावरची बादलीबी अशीच पळती. गळ तिला लावायचा न्हाई. पल्याड न्यायचा, कडीखाली घालायचा, मग वढायचं. येवढी इंजिनेर झाली अन् हे न्हाई शिकवलं?"

 तुमच्या आईने यंत्राच्या बोटांचा मार्ग बदलला: आधी न टेकता चहूबाजूंनी वेढा घालायचा, मग सगळी एकदम मिटायची. पुन्हा चालवायला पंधरा मिनिटं लागणार होती. इन्व्हर्टर संपत आल्याची टुकटुक करू लागला. आम्ही तिघी उभ्याच. बोटं मिटली, उपग्रह थरथरला आणि थांबला.

"घावली!" सासूबाई ओरडल्या.

पाठवायचं म्हणून पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड होत होतं, आणि माइकही चालूच राहिला होता. सासूबाईंचा आवाज काढून टाकायला वेळ नव्हता. मोबाइलच्या नेटवरून फाइल तशीच गेली, बाराला चार मिनिटं कमी असताना. तिला जागा मिळाली.

पुढे दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. विहीरही बुजवली. ती फाइल मात्र माझ्या संगणकावर आहे, आणि अजून चालते, आवाजासकट.