चिठ्ठी असली की हात चालतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे, की एका म्हाताऱ्या पेशंटशी माझं वाजलं आणि मी क्लिनिकच्या दारावरची पाटी काढून टाकली. का वाजलं, तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, "काही नाही गं."

काही नाही म्हणायची सवय आहे मला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मल्लेश्वरममध्ये एका आतल्या रस्त्याला, तळमजल्यावर छोटं क्लिनिक. गाव निपाणीजवळचं. घरात मराठी, बाहेर कानडी.

काका आले ते मराठी मंडळातल्या कुणीतरी नाव सुचवलं म्हणून. पुण्याहून रिटायर होऊन व्हाइटफील्डला मुलाकडे आलेले. बरोबर काकू. एवढ्या लांब मेट्रोनं आले, का तर मराठी बोलणारा माणूस पाहिजे.

"डॉक्टर-बिक्टर नको," काका म्हणाले. "ते आधी एमआरआय काढायला लावतात. तुम्हीच बघा. आपला माणूस आहात."

आपला माणूस. बरं वाटलं मला. तेव्हा.

शर्ट काढून टेबलावर बसले. डावा खांदा आखडलेला. एक हात मी त्यांच्या पाठीच्या फऱ्यावर ठेवला होता, दुसऱ्यानं कोपर धरलं होतं. काकू खुर्चीत बसून गप्पा मारत होत्या.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"निपाणीजवळचा."

"अय्या, निपाणीला माझी मावशी होती! आणि आडनाव? मंडळातल्यांनी नुसतं नावच सांगितलं बघा."

मी आडनाव सांगितलं. आमच्या भागात आडनाव ऐकलं की घर गावात की गावाबाहेर, ते कळतं. आमचं बाहेर. मी दलित आहे, हे कळायला काकूंना तेवढं पुरलं.

माझ्या हाताखाली काकांचा खांदा ताठला. दुखल्यावर ताठतो तसा नव्हे. मी हात हलवतच नव्हतो. अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं आणि मला कळलं होतं. दुसऱ्याच्या अंगात काय चाललंय ते हाताला कळणं, हाच माझा धंदा.

"मी काय म्हणते," काकू माझ्याकडे न बघता काकांना म्हणाल्या, "डॉक्टरांची चिठ्ठी नसताना असं कुणाकडून हात लावून घेणं बरं नाही. आधी डॉक्टरांना दाखवू."

"हो, तेही खरंच," काका म्हणाले. उतरले.

काकूंनी पर्समधून ओला टिश्यू काढला आणि माझ्यासमोर काकांचा खांदा पुसला. पार फऱ्यापर्यंत. निगुतीनं.

"क्रीमचा वास येतो हो," म्हणाल्या.

मी क्रीम लावलंच नव्हतं.

"गैरसमज नको हं," शर्टची बटणं लावत काका म्हणाले. "आम्ही असलं काही मानत नाही."

असलं म्हणजे कसलं, मी विचारलं नाही. "बरोबर आहे काका. चिठ्ठी घेऊन या," म्हटलं. दार उघडून धरलं. वर हसलोही.

ते गेले आणि मी बेसिनपाशी जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत. त्यांनी पुसलं म्हणून मी धुतले. त्यांच्या टिश्यूपेक्षा या धुण्याची शिसारी मला जास्त येते. आजही.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली, कानडीत आणि इंग्रजीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेशंट तपासला जाणार नाही. कुणी विचारलं तर नियम म्हणून सांगायचो. कसला नियम? पडून मार लागलाय, ताप आहे, वजन उतरतंय, अशा माणसाला मी आधीही डॉक्टरकडे पाठवतच होतो. त्यासाठी पाटी लागत नव्हती. पाटी माझ्यासाठी होती. चिठ्ठी घेऊन येणारा आडनाव विचारत नाही. वर मोठ्या डॉक्टरचं नाव असतं, मग खाली चालणारा हात कुणाचा का असेना. तो डॉक्टरचाच धरतात. मी त्या नावाखाली लपलो.

काका परत आले. व्हाइटफील्डच्या फिजिओशी रोज हिंदी बोलून कंटाळले म्हणे. हातात चिठ्ठी.

"आता डॉक्टरांनीच लिहून दिलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही," काकू म्हणाल्या. घरून चादर आणली होती, ती माझ्या टेबलावर अंथरली. तोच खांदा. तोच हात. आता चालला.

आणि मी खूश झालो. लिहिताना तोंड कडू होतंय, पण झालो. काकांचा हात डोक्यापर्यंत जायला लागला तेव्हा काकू म्हणाल्या, "गुण आहे हो तुमच्या हाताला." मी चक्क लाजलो.

आमचा रस्ता झाडणारी एक बाई होती. सगळे अक्का म्हणायचे. मीही. एका सकाळी काका टेबलावर असताना ती दारात आली. झाडू बाहेर भिंतीला टेकवलेला. उजवा हात डाव्या हातानं धरलेला.

"अण्णा, स्वल्प बघा की," ती कानडीत म्हणाली. "वेणी घालता येत नाही. ब्लाउज मुलगी चढवते."

काकांचंच दुखणं असावं. दारातूनही तसं वाटत होतं. मी पाटीकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं.

"डॉक्टरची चिठ्ठी आण," म्हटलं.

"कुठल्या डॉक्टरची?"

"कुठल्याही."

"चपला काढून येते की."

"चपलेचं नाही अक्का. नियम आहे."

ती हसली. चिडली असती तर परवडलं असतं.

"आत घ्यायचं नसेल तर तसं सांगा की अण्णा. चिठ्ठी कशाला मध्ये घालता?"

झाडू उचलून गेली.

माझी आई निपाणीच्या बाजारात झाडायची. मी दारात उभा. जे काकूंना म्हणायचं होतं आणि मी गिळलं होतं, ते या बाईनं मला म्हटलं. बरोबर माणसाला म्हटलं. टिश्यू नव्हता माझ्या हातात, एवढाच फरक.

मी परत येऊन काकांचा हात धरला. काकूंना कानडी येत नाही. पण झाडू दिसला होता.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "असल्यांना आत घेत बसलात तर आमच्यासारख्यांनी यायचं कसं?"

मी काकांचा हात खाली ठेवला. हळू. पेशंटचा हात टाकायचा नसतो.

"काकू, मी असल्यांतलाच आहे. तुम्हाला माहीत आहे. माझ्यासमोर पुसलंत तुम्ही."

"अहो, आम्ही कधी जातपात..."

"क्रीम लावलंच नव्हतं मी."

काका मध्ये पडले. "जाऊ द्या हो. कशाला विषय काढताय? डॉक्टरांनी पाठवलंय आम्हाला."

"डॉक्टरांनी पाठवलं म्हणून येऊ नका. या टेबलावर आता ती बाई झोपेल. चिठ्ठीशिवाय. तिच्यामागून तुम्हाला यायचं असेल तर या. चादर घरी ठेवून या."

काकूंनी चादर खसकन ओढून घेतली. घडीसुद्धा केली नाही. "मंडळात सांगायलाच हवं हे," म्हणाल्या. सांगितलंही असेल. मराठी पेशंट कमी झालेत. होऊ देत.

मी रस्त्यावर धावलो. अक्का नव्हती. पाटी तेव्हाच उतरवली. दुसऱ्या दिवशी झाडायला दुसरी बाई. "ती येलहंकाला गेली," एवढंच तिला माहीत. मी येलहंकाला गेलो. पुन्हा गेलो. स्टेशनच्या रस्त्यावर झाडणाऱ्या बायकांना विचारलं, मल्लेश्वरमहून आलेली अक्का कुठं असते?

"नाव काय तिचं?"

मला सांगता येईना.

"इथं सगळ्याच अक्का आहेत," एक म्हणाली. बाकीच्या हसल्या.

वर्षानुवर्षं ती माझ्या दारापुढचा रस्ता झाडत होती. मी नाव विचारलं नव्हतं.

आता कुणी चिठ्ठीशिवाय आलं तर आधी तपासतो. डॉक्टरची गरज दिसली तर कारण सांगून पाठवतो. आडनाव कुणी विचारलं तर हात न थांबवता सांगतो. खांदा ताठला तर ताठू दे. उतरायचं असेल त्यानं उतरावं. मी हात धुणार नाही.

पण अक्काचा खांदा मी तपासलेला नाही. आणि तो नियम नव्हता, माझी भीती होती, म्हणून तुला परत पाठवलं, हे तिच्या तोंडावर सांगितलेलं नाही. ही दोन्ही देणी माझ्यावर आहेत.