चूक मिस्त्रीची

आपली चूक आपणहून सरकारी रजिस्टरात लिहायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या ऑफिसात हातपंप दुरुस्त करणारे मिस्त्री होते, रोजंदारीवरचे. दौऱ्यावरून आले की माझ्या टेबलासमोर उभे राहत, तेलकट हात पाठीमागे बांधत आणि सांगत, "लिही बाबू. ग्रीस कमी पडलं. चूक मिस्त्रीची." मी तेव्हा बावीस वर्षांचा कारकून. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तालुक्यातालुक्याला नव्या ऑफिसांच्या पाट्या लागल्या, लोखंडी कपाटं आली, आणि नेमके त्याच काळात पावसाळे कोरडे जायला लागले. आमच्याकडे हातपंपांचं एक रजिस्टर होतं आणि त्यात एक रकाना होता, 'बिघाडाचे कारण'. मिस्त्री मूळचे उदगीरचे. शिकले उर्दू शाळेत, तेही चौथीपर्यंत. मराठी फर्डं बोलत, पण वाचता येत नसे. ते सांगत, मी लिहीत असे, आणि खाली ते उर्दूत सही करत. मी काय लिहिलं हे त्यांनी एकदाही कुणाकडून वाचून घेतलं नाही.

गावोगावी लोक त्यांना कामून मिस्त्री म्हणत. पंप बंद पडला की गावकरी आपापलं कारण तयार ठेवत. कुणी म्हणे गावाचं नशीबच फुटकं, कुणी म्हणे देवीची जत्रा चुकली. मिस्त्री सगळं ऐकून घेत आणि 'का?' या अर्थी एवढंच विचारत, "कामून?" मग पंपाच्या लोखंडाला कान लावत, एखाद्याला दांडा हलवायला सांगत आणि डोळे मिटून ऐकत. "ह्याला ना नशीब, ना जात," ते म्हणत. "ह्यो बंद पडला म्हंजे ह्याला काहीतरी झालंय, न्हाईतर काहीतरी मिळालं न्हाई. तेवढंच हुडकायचं."

एकदा मी त्यांच्याबरोबर एका गावाला गेलो होतो. तिथले सरपंच तावातावानं सांगत होते की खालच्या आळीच्या बायका दांडा आदळतात, त्यांना शिस्त नाही, म्हणून पंप मोडतो. त्या बायकांना पंपावर बंदीच घालून टाका. बायका घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. मिस्त्रींनी पंप खोलला. आतलं बेअरिंग झिजून गेलं होतं. ते हातावर घेऊन त्यांनी सगळ्या गावाला दाखवलं, आणि मग सरळ सांगितलं की मागच्या खेपेला ग्रीस कमी होतं, पुढच्या फेरीत भरू म्हणून मी तसाच गेलो. "बायकांनी काय बी केलं न्हाई. मी केलं." सरपंचांचा चेहरा उतरला. परतताना मी म्हटलं, चाचा, बेअरिंग जुनं होतं म्हणाला असता तरी चाललं असतं. ते म्हणाले, "मग ते बायकांनीच झिजवलं म्हणले असते. त्यांचं काय झालं असतं?"

अशा तीन कबुल्या त्या रजिस्टरात माझ्या अक्षरात होत्या. तिन्हीखाली त्यांची सही होती.

ऑफिसात मात्र कारणांचा वेगळाच हिशेब चाले, आणि त्याचा मला आज संताप येतो. साहेब उशिरा आले तर रस्ता खराब असायचा. मिस्त्री उशिरा आले तर मिस्त्री खराब असायचे. बोअरला पाणी लागलं की साहेबांचं नियोजन. कोरडी गेली की गावाचं कपाळ. आम्ही सगळे माना डोलवत होतो, आणि त्यात सगळ्यात जोरात माझी मान.

माझ्या नोकरीचं कारणही असंच सोयीचं होतं. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि पोरगं हुशार निघालं म्हणून सांगत फिरले. मीही ते खरं धरून चाललो होतो. मिस्त्रींनी मात्र एकदा चहाच्या टपरीवर मला ऐकवलं. "बाबू, तुझ्यापेक्षा हुशार पोरं आडतीवर पोती मोजून राहिली. जिल्हा नवा झाला, जागा निघाल्या, तुझ्या मामाची वळख हुती, म्हणून तू चिकटलास. ह्यात शरम न्हाई. पण इसरू नको." मला राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात डोंगरकडेच्या एका गावातला पंप बंद पडला. मिस्त्री गेले, आले आणि टेबलासमोर उभे राहिले. या वेळी ते चूक मिस्त्रीची म्हणाले नाहीत. म्हणाले, "लिही. पंप चांगला हाय. पाणी खाली गेलंय. तीन पाईप वाढवा, पाणी येतंय." मी लिहिलं. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले आणि तेच सांगितलं. पुन्हा लिहिलं. पाईप आमच्या स्टोअरमध्ये होते, मी डोळ्यांनी पाहिले होते. साहेबांनी ते एका वजनदार माणसाच्या शेताशेजारच्या बोअरसाठी बाजूला काढून ठेवले होते. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा थेट साहेबांना गाठलं, तेव्हा साहेबांनी त्यांना हातातलं काम आधी नीट करायला सांगितलं.

मग त्या गावातली एक बाई आटत आलेल्या विहिरीत तळाचं पाणी भरायला उतरली. पाय घसरून ती खालच्या खडकावर पडली आणि मेली. तिला दोन लहान लेकरं होती.

जिल्ह्याहून चौकशी लागली. साहेबांनी मला बोलावून रजिस्टरची नक्कल तयार करायला सांगितली. पाईपच्या नोंदी गाळ, असं ते तोंडानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की नक्कल मुद्द्याची असावी, आणि तुझी कायम होण्याची फाईल माझ्याच टेबलावर आहे. मला जे समजायचं ते समजलं. मी मिस्त्रींच्या तीन कबुल्या तीन वेगळ्या पानांवरून शोधून काढल्या आणि एकाखाली एक लिहिल्या. ग्रीस कमी पडलं, चूक मिस्त्रीची. नट सैल राहिला, चूक मिस्त्रीची. वॉशर उलटा बसला, चूक मिस्त्रीची. पाईप मागितल्याच्या दोन्ही नोंदी मी गाळल्या. एका प्रामाणिक माणसानं खरं बोलून जे लिहून दिलं होतं त्याचाच मी त्याच्याविरुद्ध पुरावा केला. लबाड मिस्त्री असता तर वाचला असता, कारण त्याच्या नावावर एकही चूक सापडली नसती.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं. साहेब म्हणाले, "त्या लोकांना जबाबदारी कशी ती नसतेच." ज्या मिस्त्रींनी सरकारी पंपांसाठी कडक उन्हात सायकल तुडवली त्यांचा धर्म तोपर्यंत कुणाला आठवला नव्हता. कारण हवं झालं तेव्हा तो लगेच हाताशी आला. मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो.

जाण्याआधी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. वाच, म्हणाले. मी नक्कल वाचली. तीन कबुल्या ऐकताना ते मान हलवत होते, जणू काही सगळं बरोबर चाललंय. वाचून झालं तसं त्यांनी विचारलं, "आन पाईपचं?"

"ते ह्यात नाही, चाचा."

 "हाव", म्हणजे हो, एवढंच ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी कायम झालो. बढत्या मिळत गेल्या, नांदेडला बदली झाली. एका सत्कारात मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की जिद्द आणि मेहनत असली की माणूस कुठंही पोचतो. टाळ्या पडल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण लागली. लाज फार उशिरा आली. माझाच मुलगा परीक्षेत नापास झाला आणि मी त्याला आळशी, नालायक म्हणालो तेव्हा. त्यानं शांतपणे विचारलं, "बाबा, माझ्या वर्गाला वर्षभर गणिताचे सर नव्हते, हे तुम्ही कधी विचारलंत का?" त्याच आठवड्यात मी मिस्त्रींचा पत्ता शोधायला लागलो.

मिस्त्री बिलोलीला लेकीच्या घरी असल्याचं मला कळलं. एका दुपारी एसटीनं गेलो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मोटारींचं वायंडिंग करायचं छोटं दुकान मांडलं होतं. दाढी पांढरी झाली होती, बोटं तशीच काळी. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि डबा उलटा करून बसायला दिला.

मी सगळं बोलून टाकलं. वय लहान होतं, वडील अंथरुणाला खिळले होते, बहिणीचं लग्न राहिलं होतं, साहेबांपुढं माझं काही चालण्यासारखं नव्हतं, नकार दिला असता तर दुसऱ्या कुणीतरी तीच नक्कल लिहिली असती. मी बोलत होतो आणि ते तांब्याच्या तारेचे वेढे घालत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी मला अडवलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा."

"सगळं खरं असंल. तुझा बाप आजारी हुता, मला ठावं हाय." त्यांनी तार तोडली. "तुझ्यासाठी तुला एवढी कारणं सापडली, बाबू. माझ्यासाठी एकच हुतं, पाईपचं, ते बी मी तुला सांगितलेलं. तेवढं तू लिहिलं न्हाईस."

 तोंड उघडलं असतं तर आणखी एक कारणच बाहेर पडलं असतं.